फुटबॉलमधील बचाव आणि त्याचा शिक्षक

ज्या प्रश्नावर शाळेत मुले, घरी वडीलमाणसे आणि बोईसर स्टेशनावर गाडीची वाट पाहणारे प्रवासी एकाच आठवड्यात वाद घालू लागतात, तो प्रश्न खेळाचा असला तरी क्षुल्लक मानू नये, असे आमचे मत आहे. यंदा बेटेगावात असा एक प्रश्न उपस्थित झाला. आमच्या शाळेच्या फुटबॉल संघास शिकविणारे एक शिक्षक पूर्वीपासून आहेत. त्यांच्या हाताखाली केवळ बचाव शिकविण्याकरिता आणखी एक प्रशिक्षक नेमावा काय, आणि नेमल्यास तो कोणत्या गुणांचा असावा, हा तो प्रश्न होय.

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यात एका आंतरशालेय सामन्यात आमच्या मुलांनी तीन गोल केले आणि तरीही सामना गमावला. कारण त्यांनी चार गोल होऊ दिले. परतीच्या प्रवासात गोल करणाऱ्यांची पाठ सर्वांनी थोपटली. मागे खेळणारी चार मुले मात्र खिडकीबाहेर पाहत मुकाट्याने बसून राहिली. त्यांतील एकाने उतरताना आम्हांस विचारले, "सर, मी चुकलो हे मला ठाऊक आहे, पण मी कोठे उभे राहावयास हवे होते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही." या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर ते देता येईल असे शाळेत कोणीही नव्हते.

यानंतर क्रीडासमितीने एका गृहस्थांस आठवड्यातून दोन सायंकाळी बोलाविण्याचे ठरविले. हे गृहस्थ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असून तरुणपणी कामगारांच्या संघांतून बॅक म्हणून खेळलेले आहेत. ही वार्ता पसरताच वादास तोंड फुटले. आघाडीस खेळणारा एक विद्यार्थी म्हणाला, "त्या काकांनी उभ्या जन्मात गोल केलेला नाही; ते आम्हांला काय शिकविणार?" एक पालक म्हणाले, "गुरुजी, एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? एक सर म्हणतील पुढे जा, दुसरे म्हणतील मागे या; मुलांनी ऐकावे कोणाचे?" एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, बचाव हा भित्र्यांचा खेळ असून तो पाहावयास कोणी येणार नाही. चौथे एक गृहस्थ हसून म्हणाले, "नेमा, नेमा! पुढे गोल झाले की खापर फोडावयास एक डोके आयते मिळेल." दुसऱ्या पक्षाचे म्हणणे थोडक्यात होते: छप्पर गळत असता भिंतींस रंग देण्यात काय अर्थ?

यांतील एकही आक्षेप आम्हांस टाकाऊ वाटत नाही. तथापि त्यांची उत्तरे देण्यापूर्वी बचाव म्हणजे काय, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. कारण ज्याचे स्वरूप ठाऊक नाही त्याचा शिक्षक कसा असावा, हे ठरविता येत नाही.

आपल्या भागातील शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. श्रावणात भरलेल्या भाताच्या खाचराकडे पाहून जाणारा-येणारा पिकाची स्तुती करतो; बांधाची स्तुती कोणी करीत नाही. बांध फुटला म्हणजे मात्र सर्वांचे लक्ष तिकडे जाते. फुटबॉलमधील बचावपटू हा असा बांध आहे. त्याचे उत्तम काम म्हणजे न घडलेली गोष्ट. झालेला गोल फळ्यावर लिहिला जातो. न झालेला गोल कोठेही लिहिला जात नाही. बचावाच्या शिक्षकाविषयी जे वाद होतात, त्यांचे मूळ बहुतांशी येथे आहे.

आता या कामाची रीत पाहू. गोलाचे दोन खांब एकमेकांपासून २४ फूट अंतरावर असतात आणि आडवा दांडा ८ फूट उंचीवर असतो. एवढी जागा एकट्या गोलरक्षकाने राखावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून बचावपटूचे पहिले काम चेंडू हिसकावणे हे नसून प्रतिपक्षास वाईट जागी नेणे हे होय. भूमितीच्या तासाला शिकलेल्या कोनाचा येथे उपयोग होतो. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून १२ यार्डांवर, बरोबर मध्यभागी असतो. तेथून पाहिले असता दोन खांबांमध्ये सुमारे ३७ अंशांचा कोन होतो. गोलरेषेपासूनचे अंतर तेच १२ यार्ड ठेवून खेळाडूस मध्यापासून २० यार्ड बाजूस ढकलले, तर तोच कोन सुमारे १० अंशांवर येतो. चेंडू अद्याप प्रतिपक्षाच्या पायाशी आहे, कोणी टाळ्या वाजविलेल्या नाहीत. परंतु गोलाचे दार जवळजवळ तीन चतुर्थांश बंद झालेले आहे. विद्यार्थ्यांनी वहीत आकृती काढून हे पडताळून पाहावे.

दुसरे काम पाठराखणीचे. एक मुलगा चेंडूवाल्यास सामोरा गेला म्हणजे दुसऱ्याने त्याच्या मागे थोडे तिरपे उभे राहावे, म्हणजे पहिला हुकला तरी वाट मोकळी होत नाही. तिसरे काम तोल राखण्याचे. चेंडू डावीकडे असता उजवीकडच्या मुलाने आपल्या कोपऱ्यात रेंगाळू नये. त्याने मध्याकडे सरकावे, तथापि आपल्या बाजूवरची नजर सोडू नये. चौथे काम रेषेचे, आणि ते ऑफसाइडच्या नियमाशी बांधलेले आहे. प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात जो खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असेल, तो ऑफसाइड जागी असतो. म्हणून मागची चार मुले एका रेषेत पुढे सरकली, तर आक्रमकाची जागा आपोआप निरुपयोगी होते. मात्र चौघांपैकी एक जरी मागे राहिला, तरी तिघांचे श्रम फुकट जातात.

हा नियम नेहमी असाच नव्हता, आणि तो बदलला तेव्हा काय झाले, याचा इतिहास प्रस्तुत प्रश्नास फार उपयुक्त आहे. १८६६ पासून आक्रमकाच्या पुढे किमान तीन प्रतिपक्षी असावे लागत. १९२५ साली तिघांच्या जागी दोघे पुरेत, असे ठरले. परिणाम तत्काळ दिसला. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ४७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात ते ६३७३ झाले. जुन्या रीतीने उभे राहणारे बॅक गोंधळून गेले. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी आर्सेनल संघ न्यूकॅसलकडून ७-० असा हरला. तेव्हा त्या संघातील ज्येष्ठ आक्रमक चार्ली बकन यांनी असा आग्रह धरला की, मध्यभागी पुढे फिरणाऱ्या सेंटर हाफला मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभे करावे. व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी ती सूचना स्वीकारली आणि तिच्यावरून पुढे संघाची सर्व रचना नव्याने बसविली. १९३१ ते १९३८ या काळात आर्सेनलने पाच वेळा लीग जिंकली. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, चॅपमन यांच्यापुढचा पहिला प्रश्न आमच्या मुलाने विचारला तोच होता: मी कोठे उभे राहावे? आणि त्याचे उत्तर सुचविले ते एका गोल करणाऱ्याने.

आता आक्षेपांकडे वळू. ज्याने गोल केला नाही तो काय शिकविणार, हा पहिला आक्षेप. त्याच्या उलट असेही पुष्कळ म्हणतात की, बचाव शिकवावा तो जुन्या बचावपटूनेच. आमच्या मते दोन्ही पक्ष खेळाडूच्या पूर्वचरित्राकडे पाहतात आणि शिकविण्याच्या शक्तीकडे पाहत नाहीत. इटलीचे आरिगो साकी हे व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हते. तरुणपणी ते पादत्राणांच्या धंद्यात होते. तथापि त्यांनी शिकविलेल्या मिलान संघाने १९८९ व १९९० साली लागोपाठ युरोपियन चषक जिंकला, आणि त्या संघाचा बचाव आजही आदर्श मानला जातो. साकी आपल्या खेळाडूंस चेंडूवाचून सराव देत. चेंडू अमुक ठिकाणी आहे असे मनात धरून सर्वांनी एकदम सरकावयाचे. आपल्या देशात सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि १९५१ व १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक भारतास त्यांच्याच हाताखाली मिळाले. ज्यांस समजावून सांगता येते, ते शिकवू शकतात. मग त्यांनी गोल केलेले असोत वा नसोत.

बचाव हा भित्र्यांचा खेळ, हा आक्षेप तर इतिहासापुढे टिकत नाही. १९६२ च्या जाकार्ता येथील स्पर्धेत बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांस आघाडीवर उभे केले. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, आणि ४ सप्टेंबर रोजी दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने २-१ असा विजय मिळविला, त्यांतील एक गोलही त्यांचाच. अलीकडची उदाहरणेही हवी तितकी आहेत. मुंबईचे राहुल भेके हे बचावपटू. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू संघाचा एकमेव व विजयी गोल त्यांनी जादा वेळात कॉर्नरवरून डोक्याने केला. २९ ऑगस्ट २०२५ रोजी भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ असे हरविले, तेव्हा दोन्ही गोल अन्वर अली व संदेश झिंगन या बचावपटूंचे होते. मागे उभा राहणारा पुढे जाण्यास भितो म्हणून मागे नसतो. कोणी तरी मागे राहिल्यावाचून इतरांस पुढे जाता येत नाही, म्हणून तो मागे असतो.

एका म्यानात दोन तलवारींचा आक्षेप अधिक विचारास पात्र आहे. त्याच्या उत्तराकरिता आम्ही शेजारच्या गोव्यातील एका गृहस्थांचे उदाहरण देतो. महेश गवळी हे ईस्ट बंगाल व डेम्पो या संघांतून आणि भारतीय संघातून खेळलेले नामांकित बचावपटू. २०२३ साली ते भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक क्रोएशियाचे इगोर स्टिमाच हेही जुने बचावपटूच. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघात ते होते. त्या वर्षी बेंगळुरू येथे दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. २१ जून रोजी पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात स्टिमाच यांनी प्रतिपक्षाच्या हातातील चेंडू काढून घेतला आणि पंचांनी त्यांस लाल पत्र दाखविले. पुढे कुवेतविरुद्धच्या सामन्यात त्यांस पुन्हा लाल पत्र मिळाले. यामुळे नेपाळविरुद्धचा सामना, लेबनॉनविरुद्धचा उपांत्य सामना व कुवेतविरुद्धचा अंतिम सामना, अशा तीन सामन्यांत मैदानाच्या कडेला उभे राहून संघ सांभाळण्याचे काम गवळी यांच्यावर आले. नेपाळला भारताने २-० असे हरविले. लेबनॉनशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर ४-२ असा विजय मिळाला. ४ जुलै रोजी कुवेतशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर ५-४ अशा फरकाने भारताने तो चषक नवव्यांदा जिंकला.

सहायकाने येथे नवी नीती काढली नाही. जी रचना दोघांनी मिळून बसविली होती, ती एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याने चालविली. यावरून आम्ही असे समजतो की, दोन तलवारींचे भांडण तेव्हा होते, जेव्हा दोघांची कामे वाटलेली नसतात. मुख्य शिक्षकाने संघ कसा खेळावा हे ठरवावे. सहायकाने त्यातील बचावाचा भाग मुलांच्या अंगी मुरवावा. आणि मतभेद असल्यास तो खोलीत बोलावा, मैदानावर नव्हे. एवढा नियम पाळला तर म्यान एकच राहते, आणि तलवारही एकच.

राहिला खापर फोडण्याचा आक्षेप. हा हसत सांगितला गेला, परंतु चारही आक्षेपांत हाच सर्वांत गंभीर आहे. २०२३ सालच्या पूर्वार्धात भारतीय संघाने इम्फाळ, भुवनेश्वर व बेंगळुरू येथे मिळून लागोपाठ आठ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. चाहत्यांनी संघास डोक्यावर घेतले. २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषक स्पर्धेत तोच संघ ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ व सीरियाकडून ०-१ असा हरला. सहा गोल झाले, म्हणून बचाव कोसळला, असे काही म्हणाले. दुसऱ्यांनी उत्तर दिले की, तीन सामन्यांत संघाने स्वतः एकही गोल केला नाही, त्याचा जाब बचावाच्या शिक्षकास कसा विचारता? शिवाय अन्वर अली दुखापतीमुळे त्या स्पर्धेत नव्हते, आणि प्रतिपक्षही आधीच्या आठ सामन्यांतल्यापेक्षा बलवान होते. आमच्या मते दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे; पण दोन्ही पक्ष केवळ फळ्यावरचे आकडे वाचीत होते. आठ कोरे सामने ही जशी एकट्या शिक्षकाची करामत नव्हती, तसे सहा गोल हा एकट्या शिक्षकाचा दोषही नव्हता. चेंडू पुढेच वारंवार गमावला गेला, तर मागची चार माणसे नव्वद मिनिटे पूर रोखून धरू शकत नाहीत. बचाव हा अकरा जणांचा असतो, आणि त्याचा आरंभ आघाडीच्या खेळाडूपासून होतो. ज्या आमच्या विद्यार्थ्याने पहिला आक्षेप काढला, त्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

मग शिक्षकाची परीक्षा करावी कशी? परीक्षाच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे शिक्षकाच्या तोंडी शोभणार नाही. आमची सूचना एवढीच की, मोजमाप योग्य असावे. यंदाच्या प्रत्येक सामन्यात खेळत नसलेल्या मुलांनी वही घेऊन बसावे आणि पुढील चार गोष्टी टिपाव्यात.

१. प्रतिपक्षाने आपल्या पेनल्टी क्षेत्राच्या आतून किती फटके मारले आणि बाहेरून किती? आतले कमी होत गेले, तर शिकवणी लागू पडत आहे असे समजावे.

२. आपण चेंडू गमावल्यावर आपला पहिला मुलगा चेंडूवाल्यास सामोरा जाण्यास किती सेकंद लागले?

३. प्रतिपक्षाच्या कॉर्नरच्या वेळी कोणी कोणास वा कोणती जागा राखावयाची, हे चेंडू येण्यापूर्वी ठरलेले होते काय?

४. मागची चार मुले एकमेकांशी बोलत होती काय? मुका बचाव हा आंधळ्या बचावाइतकाच वाईट.

गोलांची संख्या सर्वांच्या शेवटी लिहावी. एका सामन्याच्या टिपणावरून काहीही ठरवू नये. वर्षाअखेरीस सर्व वह्या एकत्र ठेवाव्यात आणि मग ज्यास जे म्हणावयाचे ते त्याने म्हणावे.

क्रीडासमितीने त्या गृहस्थांस एका वर्षाकरिता बोलाविले आहे. पहिल्या सायंकाळी ते पहिली पाळी संपवून थेट मैदानावर आले, तेव्हा त्यांच्यापाशी चेंडू नव्हता. एक लांब दोरी होती. मुले हसली. त्यांनी चौघा बॅकांस ती दोरी सारख्या अंतरावर धरावयास सांगितली आणि आपण हात दाखवितील त्या दिशेस सरकण्यास फर्माविले. प्रथम दोरी कोठे ढिली पडे, कोठे ताणून हातातून सुटे. जेथे ती ताणली जाई, तेथून प्रतिपक्ष आत शिरणार; जेथे ती ढिली पडे, तेथे दोन मुले एकाच जागेवर उभी आहेत असे समजावयाचे. अर्ध्या तासाने हसणे थांबले. त्या गाडीत आम्हांस प्रश्न विचारणारा मुलगा उजव्या टोकास उभा होता. तो दोन वेळा चुकला, आणि दोन्ही वेळा त्या गृहस्थांनी त्यास रागे न भरता खांद्यास धरून योग्य जागी नेऊन उभे केले. "बाळ, येथे," एवढेच ते म्हणाले.

हंगाम पुढे आहे. आमचा संघ जिंकेल की हरेल, हे आज कोणासही सांगता येणार नाही, आणि वादही चालू राहतील, ते चालावेत. फक्त वाद घालणाऱ्यांनी मैदानावर येताना वही व पेन्सिल बरोबर आणावी, एवढी आमची विनंती आहे.